धुळीचा सराव

इस्पितळात तिला सगळे ठिणगी म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत मात्र एकट्या छातीच्या डॉक्टरांची होती, कारण ते स्वतःही तापट होते आणि आठवड्यातून एकदा तरी दोघांची जुंपायचीच. घरी ती आत्या. भावाची मुलगी आत्या म्हणायची म्हणून वहिनीही म्हणू लागली, मग दूधवाला, मग शेजारीपाजारी. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलंच तर "वेळ नव्हता" म्हणायची, आणि ते अशा सुरात म्हणायची की पुढचा प्रश्न विचारणाऱ्याच्या घशातच राहायचा.

तिचं काम फोटो काढायचं, पण लग्नाबिग्नातले नव्हेत. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाला लागून एक बिनखिडकीची खोली होती. तिथे ती जखमांचे फोटो काढायची. भाजलेले हात, अंगावरचे चट्टे, शस्त्रक्रियेच्या आधीचा पाय आणि नंतरचा पाय. जखमेशेजारी मापाची छोटी पट्टी ठेवायची, प्रकाश सरळ पाडायचा, आणि दुखणाऱ्या माणसाला "झालं हं, झालं" म्हणत पटकन बटण दाबायचं. फोटो सुंदर आला तर तो चुकला, असं तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. उभी हयात तिने तसे फोटो काढले. ते फायलींत गेले, डॉक्टरांच्या व्याख्यानांत गेले. भिंतीवर एकही लागला नाही. जखमेचा फोटो कोण लावणार भिंतीवर?

निवृत्तीच्या दिवशी अधीक्षकांनी भाषणात तिला "आपल्या एक्स-रेवाल्या बाई" म्हटलं. हातातला गुच्छ तिने घरी येऊन थेट बादलीत कोंबला आणि वहिनीला म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्यांची दुखणी टिपली. आता एक तरी फोटो माझ्या मनासारखा काढीन, नाहीतर नाव नाही सांगणार."

मनासारखा म्हणजे कसला, हे तिचं ठरलेलं होतं. तिला वाळवंट हवं होतं. दूरदेशीचं, मैलोन्मैल वाळूचं, जिथे बघावं तिकडे नुसत्या उतारांच्या रेघा आणि त्यांच्या सावल्या. रक्त नाही, पू नाही, कण्हणं नाही. हौशी फोटोवाल्यांना तशा देशात नेणारी एक सहल होती, तिने त्यात नाव घातलं.

दादाला हे मुळीच पटलं नाही. मुलीसाठी तो वरच्या मजल्यावर खोली चढवत होता आणि दाराशी वाळूचे, खडीचे ढीग पडले होते. जेवताना म्हणाला, "वाळू बघायला एवढ्या लांब कशाला? दारात पडलीय. हवे तेवढे फोटो काढ, मी बाजूला उभा राहतो."

"तू बाजूलाच राहा," आत्या म्हणाली आणि ताट उचलून उठली.

सहलीच्या आधी त्या टूरवाल्या सरांचे वर्ग असायचे, एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत. सर गोड बोलायचे, पण शिकवायचे नेटाने. वाळवंटात माणसापेक्षा कॅमेऱ्याला जपायचं, हे त्यांचं आवडतं वाक्य. उघड्यावर लेन्स बदलायची नाही. लेन्सवर साधी काच चढवायची, ओरखडा पडला तर काचेवर पडू दे. बारीक धूळ फडक्याने पुसायची नाही, आधी रबरी फुंकणीने उडवायची, मग मऊ ब्रश, फडकं सगळ्यांत शेवटी. पिशवीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. तापलेल्या गाडीत कॅमेरा सोडायचा नाही. उन्हात वरून पांढरं कापड हवंच.

आत्याने सगळं मन लावून केलं. वहिनीच्या शिलाईयंत्रावर कॅमेऱ्यासाठी पांढरं आवरण बेतलं. पुढे लेन्सपुरतं भोक, खाली रबर. आतून पारदर्शक प्लॅस्टिक.

"कॅमेऱ्याला झबलं शिवतोय आपण," वहिनी सुई ओवता ओवता म्हणाली. "टोपडं पण करू का?"

आत्याला हसू आलं. अशी ती क्वचित हसायची.

शेवटच्या वर्गात सर म्हणाले, "आता सराव करा. आपल्या आसपास भरपूर धूळ आणि रणरणतं ऊन असेल अशी जागा शोधा आणि भर दुपारी जा. इथे चुका करून घ्या, तिथे नको."

गावाबाहेर खडीचं क्रशर होतं. दादाची खडी तिथूनच यायची. आत्याने ट्रकवाल्याला वाट विचारली, डोक्याला सुती रुमाल गुंडाळला, पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि एका दुपारी तिथे जाऊन उभी राहिली.

जागा तर हवी तशीच होती. वर पांढराफटक उजेड. एका तोंडातून यंत्रात फोडलेल्या दगडांचा डबर पडत होता आणि आत तो असा भरडला जात होता की पायाखालची जमीन थरथरावी. पट्ट्यावरून खडी वर चढत होती आणि टोकावरून खाली पडून तिचे सुळक्यासारखे ढीग होत होते. सगळ्यावर राखाडी धुळीचा पडदा. झाडं, टपरी, उभा ट्रक, माणसं, सगळी एकाच रंगाची. मुकादम खुर्ची टाकून लांब, वाऱ्याच्या उलट्या अंगाला बसला होता. आत्याने कशासाठी आले ते सांगितलं तेव्हा तो खुशीत आला.

"काढा की! वाळवंटात काय असतं हो? उंट?"

"उंटही असतील. मला वाळू हवी आहे."

"काढा, काढा. आमचाही एखादा काढा."

आत्या ढिगांकडे गेली. कॅमेऱ्याला झबलं चढवलं, खालचं रबर घट्ट केलं, फुंकणी खिशात ठेवली. ढिगाच्या उताराला डोळा लावला तर खरंच वाळवंट वाटावं अशी रेघ होती. ती हरखली. तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. उंच, हाडकुळी बाई, डोक्यावर घमेलं, नाकातोंडावर फडकं, पापण्यांवर धूळ. उंचीमुळे तिथे तिला सगळे शिडी म्हणत. ती कॅमेऱ्याकडे बघत होती.

"आजारी आहे का हा?"

"कोण?"

"हा. एवढा गुंडाळलाय म्हणून विचारलं."

"नाही गं. धूळ आत गेली की बिघडतो. फार नाजूक असतो."

शिडीने मागे वळून हाक मारली, "अगं बायांनो, इकडे बघा! ह्याला धूळ चालत नाही!" आणि ती हसायला लागली. पलीकडच्या दोघीतिघीही हसल्या. हसता हसता शिडीला खोकला आला. घमेलं खाली ठेवून, गुडघ्यांवर हात टेकून ती खोकत राहिली. कोरडा, खोलवरचा, न संपणारा खोकला.

आत्याचं बोट बटणावरच थांबलं. हा खोकला तिच्या ओळखीचा होता. तिच्या खोलीच्या भिंतीपलीकडे एक्स-रेच्या रांगेत बसलेली माणसं असं खोकायची. छातीच्या डॉक्टरांसाठी त्यांच्या एक्स-रेचे फोटोही तिने काढले होते. काळ्या छातीवर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा. दगडाची धूळ, डॉक्टर म्हणायचे. गेली की परत येत नाही, आतच घर करते.

तिने मान वर करून यंत्राकडे नीट पाहिलं. पट्ट्याच्या वर, जिथून धूळ उसळत होती तिथेच, पाण्याचा नळ बसवलेला होता. त्याला फवाऱ्यांची तोंडं होती. सगळी कोरडीठाक. एका तोंडाला कुणाची तरी डब्याची पिशवी लटकत होती.

ती ताडताड मुकादमाकडे गेली. "ते फवारे बंद का आहेत?"

"पाणी महाग पडतं, बाई. आणि खडी ओली झाली की चाळणीत चिकटते."

"आणि ह्या बायकांच्या छातीत काय चिकटतं, माहीत आहे?"

मुकादम आधी गोंधळला, मग हसला. "तुम्ही वाळवंटाचा सराव करायला आलात ना? मग धूळ आहे म्हणून तक्रार कसली करता? धूळ नसती तर आला असतात का?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका वस्तूला दोन पदरी कापड, प्लॅस्टिक, काच, फुंकणी, ब्रश, पुड्या. वहिनीची अख्खी दुपार. आणि इथे हाडामांसाच्या माणसांना एक विटकं फडकं. हा हिशोब तिला त्या खुर्चीवरच्या माणसाने दाखवून द्यावा!

तिने झबलं ओरबाडून काढलं. मग ढिगांकडे ढुंकूनही न बघता तिने फोटो काढले ते कोरड्या नळाचे, पिशवी लटकलेल्या तोंडाचे, पट्ट्याखाली वाकलेल्या बायकांचे, फडकं सोडल्यावर उमटलेल्या दोन रंगांच्या चेहऱ्यांचे. इस्पितळात काढायची तसेच. सरळ, जवळून, न सजवता. शिडीने फडक्याची आतली बाजू उलटून दाखवली. नाकासमोर राखाडी लगदा साचला होता. आत्याने पिशवीतून मापाची पट्टी काढली आणि त्या लगद्याशेजारी धरली. मुकादम ओरडत धावत आला तोवर तिचं काम झालं होतं.

घरी दादाने कपाळाला हात लावला. "तू फोटो काढायला गेली होतीस की भांडायला? माझी निम्मी खडी यायचीय त्यांच्याकडून!"

"तुझी खडी मी बघून आले," आत्या म्हणाली. "कुणाच्या छातीतून येते तेही बघून आले."

दुसऱ्या दिवशी ती कॅमेरा घेऊन कामगार खात्याच्या कचेरीत गेली.

तिथल्या साहेबांनी तिला बसायला सांगितलं, चहाही मागवला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फोटो बघत ते मान डोलवत होते. आत्याला वाटलं, समजलं यांना. शेवटचा फोटो बघून साहेब म्हणाले, "वा! काय प्रकाश पकडलाय हो! हा धुरकट परिणाम मुद्दाम साधलात का? प्रदर्शनात लावा, नक्की बक्षीस मिळेल."

जन्मभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे मिळाले. आत्या उभी राहिली. "तो परिणाम नाही, साहेब, धूळ आहे. बायका खातात ती. तुम्ही तिथे जाऊन फवारे सुरू करायला सांगणार आहात की नाही?"

"बघू. सगळं एकदम होत नसतं."

"कधी बघणार? डोळे आहेत तोवर बघा!" असं म्हणून ती चहाला न शिवता निघाली.

तिथून ती थेट छातीच्या डॉक्टरांकडे गेली.

"काय ठिणगीबाई, निवृत्त झालात तरी विझला नाहीत?"

"चेष्टा पुरे. हे बघा. कामगार खात्याच्या साहेबांना यात नुसता प्रकाश दिसला."

डॉक्टरांनी पाहिलं. मग दोघांची नेहमीसारखी जुंपली. आत्या म्हणाली, इतकी वर्षं ही माणसं तुमच्याकडे येतायत, तुम्ही एकदा तरी त्या जागी गेलात का? डॉक्टर म्हणाले, रांग बघितलीय का बाहेरची, जाऊ कधी? आवाज इतके चढले की परिचारिकेने डोकावून पाहिलं. शेवटी डॉक्टर दमून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मोठे करून आणा. बाहेर भिंतीवर लावू. शेजारी मी एक्स-रे लावतो, नाव झाकून. रांगेतली माणसं बघतील." कॅमेरा परत देत ते पुढे म्हणाले, "तुमच्या त्या साहेबांच्या आईही येतात दम्यासाठी."

साहेबांच्या आईने फोटो पाहिले. चांगले जवळ जाऊन, चष्मा लावून पाहिले. घरी जाऊन मुलाला काय म्हणाली कोण जाणे, पण दोनच दिवसांत साहेब गाडी घेऊन क्रशरवर गेले आणि त्यांनी क्रशरला सील ठोकलं. आत्याला बातमी कळली तेव्हा तिने वहिनीला मिठी मारली. दादासुद्धा खडीचं विसरून म्हणाला, "करून दाखवलंस खरं."

हा आनंद जेमतेम आठवडाभर टिकला. एका सकाळी दारात शिडी उभी होती. ट्रकवाल्याकडून पत्ता काढून आली होती.

"ये, आत ये," आत्या म्हणाली.

"आत कशाला? इथेच बोलते. तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो हे उद्योग करायला?"

आत्याने दार पुरतं उघडलं.

"तुमचा राग झाला मोकळा. फोटो लागले भिंतीवर. आमचं काय? आठ दिवस झाले हाताला काम नाही. धूळ खात होतो, आता काय खाऊ? सांगा की!"

"अगं, मी बंद करायला सांगितलं नव्हतं. फवारे सुरू करा म्हणाले होते."

"मग बंद का झालं?"

सील लागलं तेव्हा ह्या बायका घरी कशा बसल्या असतील, हा विचार तिला शिवलाही नव्हता. तिला स्वतःचीच चीड आली, आणि ती गिळायची सवय नसल्यामुळे घशाशी आली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मी अर्ध्यावर सोडलं."

असं ऐकायची शिडीची तयारी नसावी. मग म्हणाली, "मग आता पुरं करा. चला त्या साहेबाकडे. मीही येते. तुम्ही नीट बोलाल, मी वाईट बोलेन."

"नीट मलाही बोलता येत नाही," आत्या म्हणाली आणि तिने चपला पायात सरकवल्या.

साहेब आज चहा मागवायच्या मनःस्थितीत नव्हते. "बंद नव्हतं तर तक्रार, बंद केलं तर तक्रार! तुम्हाला नक्की हवंय काय?"

"पाणी," शिडी म्हणाली. "वरून पाणी पडू दे. खाली आम्ही काम करतो."

"मालकाला नोटीस जाईल, तो खुलासा देईल, मग तारीख पडेल. या गोष्टींना वेळ लागतो. थोडी धूळ तर सगळीकडेच असते, बाई."

शिडीने पिशवीतून तिचं कामावरचं फडकं काढलं. आठ दिवसांपूर्वीचं, न धुतलेलं. साहेबांच्या काचेच्या टेबलावर धरून तिने ते दोन्ही हातांनी फाडकन झटकलं. राखाडी ढग उठला. कागदांवर बसला, चष्म्याच्या भिंगांवर बसला, फोनवर बसला. साहेब खोकत उठले आणि त्यांनी आधी काय केलं असेल, तर शेजारच्या कपाटावरचं प्लॅस्टिकचं कव्हर ओढून कॉम्प्युटरवर टाकलं.

"झाका!" आत्या कडाडली. "आधी त्याला झाका! तुमच्या आईलाही बोलवा, तिलाही बघू दे तुम्ही काय झाकताय ते!"

बाहेरचे कारकून दारात गोळा झाले. कुणी त्या दोघींना हात लावला नाही. एकजण तर तोंड फिरवून हसत होता. साहेबांनी रुमालाने चष्मा पुसला, तो आणखीच मळला. मग त्यांनी फोन उचलला आणि मालकाला परवाच हजर राहायला फर्मावलं.

परवा म्हणजे नेमका सहलीला निघायचा दिवस. आत्याने सरांना फोन केला, मागून एकटी येते म्हणाली. सरांनी गोड आवाजात नकार दिला. तिने फोन आपटला, बांधलेली बॅग लाथेने पलंगाखाली सरकवली, आणि रात्रभर साहेबांना, सरांना, मालकाला, झालंच तर शिडीलाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. आपण काही त्याग वगैरे करतोय असं तिला मुळीच वाटलं नाही. वाळवंट हातचं गेलं याचाच तिला संताप होता. सकाळी उठून ती कचेरीत गेली तीही फुरंगटलेलीच.

मालकाने फवारे चालू ठेवायचं कबूल केलं, चांगल्या मुखपट्ट्या द्यायचंही कबूल केलं. क्रशर सुरू झालं. बायका कामावर गेल्या. शिडीला मात्र मुकादमाने फाटकातूनच परत पाठवलं. माणसं पुरेशी झाली म्हणाला.

आत्या भांडायला निघाली होती, पण शिडी म्हणाली, "ते नंतर. आधी मला तुमच्या त्या डॉक्टरकडे न्या. खोकला राहत नाही."

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. आत्याला सांगावं लागलं नाही. काळ्यावर पांढरा सडा. डॉक्टर हळू आवाजात सांगत राहिले. बरं होणार नाही, पण धुळीपासून लांब राहिलीस तर वाढायचं थांबू शकेल, औषधं अशी घे, तपासायला तशी ये. शिडी ऐकत होती. आत्याला ऐकवेना. बाहेर येऊन तिने भिंतीवरचा स्वतःचाच फोटो, तो नळाचा, उपटून काढायला हात घातला. शिडीने तिचं मनगट धरलं.

"राहू दे. माझ्यामागून येणाऱ्यांना बघू दे."

डॉक्टरांनी शब्द टाकला आणि शिडीला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळालं. पगार कमी, पण तिथे धूळ नव्हती. खोकला गेला नाही.

आत्या पुढच्या वर्षीच्या तुकडीतून वाळवंटात जाऊन आली. फोटो छान आले. एक दादाने हौसेने नव्या खोलीत लावला. "बरा आहे," ती म्हणते आणि विषय बदलते.

क्रशरवर ती अजून जाते. तिची रिक्षा दुरून दिसली की मुकादम पाणी सोडतो आणि तिची पाठ वळली की बंद करतो, हे बायकांनीच तिला सांगितलं. तेव्हापासून ती वेळ सांगून जात नाही. कधी सकाळी, कधी ऐन जेवणाच्या सुट्टीत, कधी शिडीला सुट्टी असेल तर दोघी मिळून. मागच्या खेपेला मुकादम वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही थकत कशा नाही हो?"

"थकते की," आत्या म्हणाली. "पाणी सोड."